गेरूचा हात

कागद कुस्तीच्या मैदानाच्या पोस्टरचा, पाठकोरा. पुढच्या बाजूला पैलवानांच्या जोड्या आणि इनामाचे आकडे छापलेले. मागची बाजू पांढरी, पण कागद पातळ असल्यामुळे उजेडात धरला की पैलवानांचे खांदे अंधूक दिसतात. या पांढऱ्या बाजूवर साडेतीन वर्षांच्या एका मुलीनं गेरू, हळद आणि नीळ घेऊन जे केलं, त्याविषयी मला लिहायचं आहे. माझ्या भाचीची ही मुलगी. मलकापुरातल्या घराच्या पडवीत, मृगाचा पाऊस नुकता लागला होता तेव्हा, ती हे करत असताना मी शेजारी पाट घेऊन बसले होते. चित्र होताना बघायला मिळणं हे चित्र पाहणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतं. एरवी आपण भिंतीवरच्या चित्रापुढे उभं राहून चित्रकाराचा हात कुठून निघाला, कुठे थबकला याचा अंदाज बांधत असतो. इथे हातच समोर होता.

खालच्या डाव्या कोपऱ्यात गेरूच्या काही टिकल्या आहेत. एका बोटानं टेकवलेल्या, एकमेकींपासून दूर. पहिली ओली आणि फुगीर, पुढच्या उतरत्या, शेवटची जेमतेम. वाटीतला गेरू बोटाला किती लागतो आणि तो किती वेळ पुरतो, याचा हा शोध आहे. टिकली पुसट झाली की तिनं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग नाकाजवळ. भिजलेल्या गेरूला पहिल्या पावसाचा वास येतो आणि त्या दिवशी बाहेरही तोच वास होता. मलकापूरपासून आंबा घाटाच्या दिशेनं निघालं की जांभ्याची तांबडी माती सुरू होते. तिचा तांबडेपणा आणि गेरूचा तांबडेपणा दोन्ही लोहाचेच. घरात वाटीत कालवलेलं आणि अंगणातून वाहून चाललेलं हे एकाच कुळातलं आहे, हे मुलीला कुणी सांगितलेलं नव्हतं. नाकानं मात्र ओळखलं असावं, कारण तिनं वाटीचा वास घेतला आणि लगेच दाराबाहेर पाहिलं.

मग टिकल्या संपतात आणि एकदम पूर्ण पंजा येतो. कागदाच्या मध्यावरून एक रुंद कमान डावीकडून उजवीकडे गेली आहे. तिच्यात बोटांच्या समांतर रेषा स्पष्ट दिसतात. सुरुवातीला रंग दाट, वर चढताना पातळ, शेवटी हात उचलला तिथे रेषा विरळ होऊन सुटतात. या कमानीची त्रिज्या म्हणजे तिच्या कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी. ती उकिडवी बसली होती आणि कोपर गुडघ्याला टेकलं होतं. म्हणून वळण इतकं नितळ आलं. कमानीवर कमान, तिच्यावर आणखी एक. दुसऱ्या वेळी हात जास्त दाबलेला आहे, तिसऱ्या वेळी नुसता फिरवलेला. दाबाचे हे फरक डोळ्याला दिसतात ते रंगाच्या गडद-फिकेपणातून. करणारीला ते तळहाताला कळत होते. तिसऱ्या फेरीला तर तिचं कागदाकडे लक्षही नव्हतं. ती समोर कुठेतरी बघत होती आणि हात फिरत होता.

कमानीच्या खाली एक सरळ रेघ आहे. संपूर्ण कागदात सरळ म्हणावी अशी ही एकच. घरातल्या मोठ्यांना कागदातलं सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर ही रेघ. 'किती सरळ काढलीय बघा' असं दोघांनी तरी म्हटलं. ही रेघ तिनं काढलेली नाही. पडवीला शहाबादी फरशी आहे. कागदाखाली दोन फरश्यांची सांध होती. त्यावरून गेरूचा हात गेला आणि सांध उमटली. मुलीला ती उमटल्यावर सापडली. तिनं थांबून बोटाचं पेर त्या खाचेतून नेलं, आणलं, पुन्हा नेलं, मग नखानं कोरलं. नखाचे ते बारीक ओरखडे जवळून पाहिले तर दिसतात. माझ्या मते या कागदातली सर्वांत उत्कट जागा तीच. खालची जमीन वरच्या कागदातून बोलते आहे, हे तिनं हातानं ऐकलं. मॅक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकारानं १९२५ साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून वरून शिसं घासलं आणि त्यातून चित्रांची एक आख्खी मालिका उभी केली. त्याला जे हवं होतं ते त्यानं ठरवून घेतलं. मुलीला ते मिळालं आणि तिनं ते सोडलं नाही. ठरवणं आणि न सोडणं यांतलं अंतर वाटतं तेवढं मोठं नाही.

उजवीकडे हळद आहे. हळदीच्या या धब्ब्यात एका बाजूला लालसर, कुंकवाच्या जवळ जाणारा रंग दिसतो. तीन रंगांच्या वाट्यांत लाल नव्हताच, मग हा आला कुठून? पडवीच्या भिंतीला चुना आहे. उठताना तिनं भिंतीला हात टेकला, चुन्याची पूड ओल्या तळव्याला लागली आणि तोच हात हळदीत गेला. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं. आपल्याकडे कुंकू पूर्वापार असंच करत आले आहेत. हात पिवळ्याचा तांबडा झालेला पाहून ती थिजली. मग भिंतीकडे गेली, हात घासला, परत आली, हळदीत बुडवला. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ती तळवा उघडून आधी स्वतः पाही, मग मला दाखवी. कागदावर त्याची फक्त एक लालसर कड उरली आहे. ज्यानं ते घडताना पाहिलं नाही त्याला ती कड म्हणजे रंग मिसळल्याचा डाग वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आणि भोक. मध्यापासून जरा वर, कमान जिथे सर्वांत जास्त वेळा फिरली तिथे, कागद ओला होऊन झिजला आणि त्याचा लगदा निघायला लागला. लगद्याच्या बारीक वळकट्या अजून कडेला चिकटलेल्या आहेत. तिनं त्या बोटांत चोळल्या, एक जिभेला लावून पाहिली, आणि घासणं चालूच ठेवलं. अखेर बोट आरपार गेलं. तिनं कागद उलटा केला, तर बोट एका पैलवानाच्या खांद्यातून बाहेर आलेलं! त्यानंतर तिनं कागदाला हात लावला नाही. फक्त उंचावरून निळीचे थेंब सोडले, कागदावर पडताना त्यांचा आवाज होतो तो ऐकत. काम संपल्याचं तिनंच ठरवलं होतं.

इथे घरातली मोठी माणसं आली.

मुलीच्या आईनं विचारलं, "काय काढलंस गं?" मुलगी गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, "पाऊस." आजीनं विचारलं तेव्हा ती "भाकरी" म्हणाली. काकानं विचारल्यावर त्याची मोटरसायकल झाली. काका खूश झाला, मोबाइलवर फोटो काढला. आजीचं लक्ष फरशीकडे गेलं आणि ती म्हणाली, "नुसता राडा करून ठेवलाय. आणि कागद फाडला बघ शेवटी." आईनं हात धुवायला नेलं. प्रेमानं नेलं, कुणीही रागावलं नाही. या घरात मुलीचे लाड आहेत, आणि तरीही जे घडलं होतं ते बघायला त्यांच्यातलं कुणी तिथे नव्हतं. सगळ्यांनी कागद पाहिला, तो कशाचा आहे हे विचारलं, आणि उत्तर मिळाल्यावर कागदाचं काम संपलं.

मुलं मोठ्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाव देतात. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकानं स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपली आणि त्यांवरून १९१३ मध्ये मुलांच्या चित्रांवरचं आपलं पुस्तक लिहिलं. त्याचं एक निरीक्षण असं की लहान मूल आधी रेघोट्या ओढतं आणि नंतर त्यात कशाचं तरी साम्य त्याला अवचित दिसतं. नाव मागाहून येतं. त्यामुळे 'पाऊस', 'भाकरी' आणि 'मोटरसायकल' ही तिन्ही उत्तरं खरी आहेत. तिला त्या त्या क्षणी कागदात तसं दिसलं असेल किंवा विचारणाऱ्याला काय आवडेल ते तिनं ओळखलं असेल. अगदी लहानपणापासूनच मुलं ते ओळखू लागतात असं आयांना विचारलं तर त्या सांगतील. पण या तिन्ही उत्तरांत फरशीची सांध नाही आणि कागदातून पार गेलेलं बोटही नाही.

मात्र मुलाला फक्त स्पर्शच हवा असतो, चित्राशी त्याला काही देणंघेणं नसतं, असं कुणी म्हणत असेल तर तेही मला पटत नाही. जेम्स गिब्सन आणि पॅट्रिशिया योनास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात लहानग्यांना दोन लेखण्या देऊन पाहिल्या. एक उमटणारी, दुसरी न उमटणारी. हाताची हालचाल दोन्हींत सारखीच. न उमटणाऱ्या लेखणीत मुलांचं मन रमेना. म्हणजे मागे राहणारी खूण मुलाला हवीच असते. हात फिरतो आणि जगात काहीतरी बदलतं, या दोन गोष्टींचं नातं त्याला पुन्हा पुन्हा तपासायचं असतं. आमच्या मुलीनं तळवा तांबडा झाल्यावर तो मला दाखवला, तो याच नात्याचा पुरावा म्हणून.

आता मोठ्यांच्या नजरेविषयी. ती अशी का झाली याला इथल्या मातीतलं एक कारण आहे, आणि ते अभिमानाचंही कारण आहे. हा कोल्हापूर जिल्हा. कोल्हापूरला लोक कौतुकानं कलापूर म्हणतात. शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार आबालाल रहिमान होते. बाबुराव पेंटरांनी पडदे रंगवले, कॅमेरा घडवला, सिनेमा काढला. या परंपरेत हुबेहूबपणाला फार मोठा मान आहे, आणि तो कष्टानं मिळवलेला मान आहे. शाळेत गेलेल्या प्रत्येकाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा ठाऊक असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. 'तुझी ग्रेड कुठली आली?' हा प्रश्न घरोघर विचारला गेलेला आहे. या नजरेला साडेतीन वर्षांच्या मुलीचा कागद दिला की ती त्यात वस्तू शोधते, आणि वस्तू सापडली नाही तर निदान एक सरळ रेघ तरी शोधते. पण आबालालांची कोटितीर्थाची आणि रंकाळ्याची चित्रं जवळ जाऊन बघा. पाणी जिथे पाणी वाटतं तिथे ब्रशचा फटकारा आहे, ओल्या कागदावर रंगाला पसरू दिलेलं आहे, कुठे टिपलेलं, कुठे सोडून दिलेलं आहे. हुबेहूबपणाच्या पोटातही हात आहेच. आपण चित्र लांबून बघायला शिकलो, जवळून बघायचं राहून गेलं.

त्याच घरात मी तिचा दुसराही कागद पाहिला. भिंतीला चिकटवलेला. पंजाला पोस्टर कलर लावून उमटवलेला ठसा, त्या ठशाला मोठ्यांनी स्केचपेननं चोच, डोळा आणि तुरा काढलेला. मोर. असे मोर हल्ली सगळीकडे दिसतात. हा कागद मला आवडला नाही, आणि रसिकानं आवडनिवड स्पष्ट सांगितली पाहिजे. मुलाचं आहे म्हणून सगळंच गोड मानायचं, हा त्या कामाचा अपमान आहे. या ठशात पंजा सपाट आहे, दाब सगळीकडे एकसारखा आहे, कारण मनगट दुसऱ्या कुणीतरी धरलेलं होतं. रंग ओला असताना हात उचलला गेला. मुलीला त्या रंगाचा थंडपणा, बुळबुळीतपणा कळायच्या आत तो धुतला गेला. मग मोठ्यांनी त्यावर आपलं चित्र काढलं. यात मुलीचं काय आहे? तिच्या हाताचं माप आहे, एवढंच.

ही ढवळाढवळ नवी नाही आणि ती चांगल्या हेतूच्या लोकांकडूनही होते. फ्रान्झ चिझेक यानं १८९७ मध्ये व्हिएन्नामध्ये मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला. मुलांना मोकळं सोडा, त्यांना त्यांचं काढू द्या, हे त्यानं जगाला ऐकवलं, आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याच्या विद्यार्थ्यांची कामं एकापुढे एक पाहिली तर ती फार नेटकी, फार सजलेली दिसतात, आणि त्या काळच्या व्हिएन्नाची अभिरुची त्यांत ओळखू येते. मोठ्यांच्या आवडीला मुलांपर्यंत पोचायला हात धरावा लागत नाही. नुसतं 'वा' म्हटलं तरी पुरतं. सरळ रेघेला दोनदा 'वा' मिळाली तर पुढच्या वेळी मुलगी सरळ रेघ काढील, आणि फरशीची सांध तिला सापडणार नाही.

आणि गंमत म्हणजे स्पर्शाची विद्या या मोठ्यांकडे भरपूर आहे. मला वाटतं खरी गोष्ट इथे आहे. ज्या पोस्टरच्या पाठीवर हे काम झालं त्या पोस्टरवरच्या पैलवानांचंच बघा. तालमीची तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवतात. ती नीट झाली का हे वस्ताद डोळ्यानं ठरवत नाही. मूठ भरून घेतो, दाबतो, सोडतो, चुरतो. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात हजारो माणसं कुस्ती बघायला बसत आली, आणि मधल्या हौद्यातल्या मातीची पारख हाताला असणारी माणसं त्यांत कमी नसत. मुलीचा काका तालमीत जात होता. त्याला ही पारख आहे. शिवारात गेलं तर चिखलणी झालेल्या खाचरात रोप लावताना चिखल किती मऊ हवा हे बायका घोट्याला आणि अंगठ्याला विचारतात. भाकरीचं पीठ किती मळायचं याचं माप कुठल्या पुस्तकात आहे?

मुलीच्या आजीकडे परसातला चुलीजवळचा पट्टा अजून शेणानं सारवतात. मी ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. आजी उकिडवी बसली, कोपर गुडघ्याजवळ आणलं आणि पंजा डावीकडून उजवीकडे फिरवला. कमान उमटली. बोटांच्या समांतर रेषा, सुरुवातीला दाट आणि सुटताना विरळ. मग थोडं मागे सरकून दुसरी कमान, पहिलीच्या कडेवर चढवलेली. तिचंही सगळं लक्ष जमिनीकडे नव्हतं, ती माझ्याशी बोलत होती.

मुलीच्या कागदावरची कमान हीच आहे. तोच बसण्याचा ढंग, तेच कोपर, तोच सुटता शेवट. पोरीनं तो हात आजीकडून उचलला आहे, बघून आणि बहुधा शेजारी बसून शेणात हात घालून. 'नुसता राडा' म्हणणाऱ्या आजीला आपलाच हात कागदावर ओळखता आला नाही. जमिनीवर असता तर पटकन ओळखला असता. कागद आणि रंग दिसले की मोठी माणसं परीक्षक होतात आणि आपल्या हातातलं शहाणपण बाजूला ठेवतात. मी आजींना कागद आणून दाखवला आणि सारवलेल्या पट्ट्याशेजारी धरला. त्यांनी दोन्हींकडे पाहिलं. "अगं बाई," म्हणाल्या, "हात उलटा फिरवती व्हय ही? न्हाई, बरोबर फिरवलाय." पहिल्यांदाच त्यांनी कागदात वस्तू न शोधता हात शोधला होता, आणि शोधल्याबरोबर त्यांना त्यात चूक-बरोबरही दिसू लागलं. जाणकाराची नजर ती हीच.

बोटांच्या अशा समांतर रेषा माणसानं फार पूर्वीपासून ओढल्या आहेत. फ्रान्समधल्या रुफिन्याक गुहेच्या भिंतींवर आणि छतावर मऊ थरात बोटं फिरवून ओढलेल्या रेषा आहेत, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. केविन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर या अभ्यासकांनी मधल्या तीन बोटांच्या रुंदीवरून त्या कुणाच्या असतील हे ताडण्याची रीत बसवली. त्यावरून असं दिसलं की कित्येक रेषा अगदी लहान मुलांच्या आहेत, आणि सर्वांत जास्त रेषा ओढणाऱ्या मुलांत सुमारे पाच वर्षांची एक मुलगी असावी. काही रेषा अशा उंचीवर आहेत की मुलाचा हात तिथे पोचणं शक्यच नाही. कुणीतरी मोठ्यानं उचलून धरलं असणार. मला या संशोधनातला हाच भाग पुन्हा पुन्हा आठवतो. त्या मोठ्या माणसानं मुलीला खांद्यावर घेतलं, छत मऊ आहे हे त्याला माहीत होतं, आणि तिची बोटं फिरून होईपर्यंत ते वजन त्यानं पेललं. शेजारी त्याच्या स्वतःच्याही रेषा असतील.

आपल्याकडे असं मुलांना उचलून धरणारी माणसं झाली. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं, मग १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथून १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत इंद्रियांच्या शिक्षणाला पहिलं स्थान होतं, पण तिचं साहित्य महाग आणि परदेशी घडणीचं. या दोघींनी शिंपले, बिया, पानं, खडे, माती पुढे आणली. खडबडीत-गुळगुळीत शिकायला पॉलिश केलेल्या फळ्याच कशाला हव्यात, झाडाची साल आहे की. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या त्यांच्या कल्पनेतून अंगणवाडी निघाली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी शाळा कुरणात नेली. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. मूल काय शिकतं आहे हे शिक्षकानं बारकाईनं पाहावं, टिपून ठेवावं, हा त्यांचा आग्रह होता. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही इंद्रियानुभवाला जागा आहे. कागदोपत्री आता सगळं मान्य आहे. अडतं ते पडवीत.

चिकणमातीकडे वळते, कारण मुलीचं सर्वांत चांगलं काम कागदावरचं नव्हे, मातीतलं.

आषाढातल्या बेंदराला इथे घरोघर मातीचे बैल आणतात, कुंभाराकडून. शिंगं टोकदार, मान ताठ, पाठीवर ठिपके. त्यांची पूजा होते, पुरणपोळीचा नैवेद्य असतो. कुंभाराकडून बैलांबरोबर मळलेल्या मातीचा एक गोळाही आला होता आणि तो मुलीला मिळाला. तिनं आधी तो खूप वेळ नुसता थापला. मग गालाला लावला, गार लागतो म्हणून. मग मुठीत धरून दाबला तेव्हा बोटांच्या फटींतून माती बाहेर आली. ती पाहून खिदळली, आणि पुन्हा दाबला. पुष्कळ वेळानं एक ढेकूळ तयार झालं. लांबट, खाली सपाट, पाय नाहीत, शिंगं नाहीत, तोंड नाही. वर मात्र एक टेंगूळ आहे. ते फार काळजीनं केलेलं. बाकीच्या मातीवर बोटांचे खळगे तसेच राहिलेत, टेंगळावर अंगठा फिरवून फिरवून ते गुळगुळीत केलं आहे. किंचित एका बाजूला कललेलंही आहे.

व्हिक्टर लोवेनफेल्ड हा शिक्षक तरुणपणी व्हिएन्नाच्या अंधशाळेत मुलांना मातीकाम शिकवत असे. या मुलांनी घडवलेल्या आकृत्यांत काही अवयव अवाच्या सवा मोठे असत आणि काही गायबच. त्यानं ती मापातली चूक मानली नाही. जो भाग अंगाला जाणवतो तो मोठा होतो, असं त्याला दिसलं, आणि पुढे डोळस मुलांच्या कामातही त्याला हेच सापडलं. या टेंगळाची उकल त्यातून सहज होते. घरात एक बैल आहे. मुलीला रोज कडेवर घेऊन त्याच्याजवळ नेतात आणि तिचा हात पोचतो तो त्याच्या वशिंडावर. पायांना हात लावू देत नाहीत, शिंगांजवळ जाऊ देत नाहीत. तिच्यासाठी बैल म्हणजे ते ऊन, मऊ, हलकेच एका बाजूला झुकणारं मांस. तेवढा बैल तिनं केला आहे, आणि तेवढा पुरेपूर केला आहे.

घरातल्या बायकांनी विचारायचं ते विचारलं. मुलगी काही बोलली नाही. मग आजोबा आले, सकाळपासून बैलाची शिंगं रंगवत होते, हातांना हुरमुंज लागलेलं. त्यांनी ढेकूळ उचललं, फिरवून पाहिलं आणि टेंगळावर अंगठा ठेवला. बाजारात खोंड घेताना ठेवतात तसाच.

"वशिंड हाय की हो," ते म्हणाले. "खोंड हाय ह्यो. भरलेला हाय चांगला."

त्यांनी तो कुंभाराच्या जोडीशेजारी पाटावर मांडला. पूजा झाली. हळदकुंकू लावायची वेळ आली तेव्हा जोडीला त्यांनी कपाळाला लावलं, मुलीच्या खोंडाला वशिंडाला, कारण कपाळ नव्हतं. पूजा होताच मुलीनं खोंड उचलला आणि पुन्हा दाबायला घेतला. आजी ओरडली, "अगं, देव झालाय त्यो आता!" आजोबांनी विचार केला, मग मुलीच्या हातातून खोंड सोडवून पाटावर ठेवला, परातीतली उरलेली माती पाणी लावून मऊ केली आणि तिच्यापुढे ठेवली. "ह्यातनं दुसरा कर. जोड पायजे की त्याला." मुलगी तिथेच बसली. आजोबाही बसले, आणि त्यांनीही एक गोळा घेतला.